केसपेपरमागचे शिक्षण

यंत्रमाग आणि गोदामे यांनी वेढलेल्या भिवंडीतील नारपोलीत बारावी झालेल्या तरुणांना कारखान्याचा हिशेब किंवा गोदामाची नोंदवही या नोकऱ्या सहज सुचतात. परंतु आसपासची खासगी रुग्णालये आणि भिवंडीचे इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय ज्या कागदपत्रांवर चालतात, ती सांभाळण्याचे काम शिकून घ्यावे लागते, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. रुग्णाची नोंद, केसपेपर, बिल, विम्याचा दावा आणि घरी सोडताना दिला जाणारा उपचारांचा गोषवारा, म्हणजेच डिस्चार्ज समरी, हे सारे या कामात येते. संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी संसदेने २०२१ मध्ये जो कायदा केला, त्याच्या अनुसूचीत वैद्यकीय सचिव आणि क्लिनिकल कोडर यांचा समावेश आहे. तरीही हे काम ‘काउंटरवर बसणे’ एवढेच समजले जाते.

या शिक्षणाचा पाया नावाच्या अचूकतेत आहे. नारपोलीच्या मागांवर उत्तर प्रदेश, बिहार आणि तेलंगणातून आलेले कामगार मोठ्या संख्येने असून, एकाच माणसाचे नाव आधारकार्डावर एक, रेशनकार्डावर दुसरे आणि केसपेपरवर तिसरे असण्याचा प्रकार येथे नवा नाही. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी यांच्या नावाने सुरू झालेल्या आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या योजनेत रुग्णाची ओळख प्रथम ‘आरोग्यमित्र’, म्हणजे रुग्णालयातील योजनेचा प्रतिनिधी, तपासतो, मग रुग्णालय तपासण्यांचे अहवाल जोडून उपचारांना पूर्वमंजुरी मागते आणि शेवटी दावा दाखल करते. नावातील एका अक्षराच्या फरकाने ही साखळी कुठेही अडकू शकते व शस्त्रक्रियेची वाट पाहणारा रुग्ण झेरॉक्सच्या दुकानात खेटे घालत राहतो. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देणारी योजना कागदावर कितीही उदार असली, तरी रुग्णाला तिचा प्रत्यय नोंदणीच्या खिडकीवरच येतो.

दुसरा विषय आहे आजारांच्या संकेतांकांचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात प्रत्येक आजाराला अक्षर आणि अंक मिळून एक खूण दिलेली असते. त्याच्या दहाव्या आवृत्तीत, जंतू किंवा ऊतींच्या तपासणीत सिद्ध झालेला श्वसनमार्गाचा क्षयरोग ‘ए १५’ मध्ये आणि तसा सिद्ध न झालेला ‘ए १६’ मध्ये मोडतो. एका अंकाचा हा फरक आरोग्य विभागाच्या आकडेवारीचा अर्थ बदलतो, म्हणून संकेतांक देणाऱ्याला डॉक्टरचे अक्षर लागण्याबरोबरच शरीररचना आणि आजारांची जुजबी तरी ओळख असावी लागते. मृत्यूच्या कारणाचा दाखला हाही असाच नाजूक कागद आहे. ‘हृदयक्रिया बंद पडली’ हे मृत्यूचे कारण नसून मृत्यू कसा घडला याचे वर्णन आहे. डॉक्टरने तेवढेच लिहिले असेल, तर तो कागद विनयाने परत पाठवण्याची समज लिपिकाला हवी.

नोंदी जपणे हा तिसरा भाग, आणि खासगी वर्गांत बहुधा सर्वांत घाईने उरकला जाणारा. दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे ठेवाव्यात आणि रुग्णाने मागितल्यास त्या ७२ तासांत द्याव्यात, असे डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम सांगतात. प्रत्यक्षात ही जबाबदारी दप्तर सांभाळणाऱ्यावरच येते. शेजारच्या गल्लीतील ओळखीच्या मुलीचा अहवाल तिच्या घरी कोणालाही न सांगणे हाही याच शिक्षणाचा भाग असून, दाट वस्तीच्या गावात तो संगणकापेक्षा अवघड आहे.

हे शिकण्याचे मार्ग फार महाग असलेच पाहिजेत असे नाही. एमएस-सीआयटी, महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखन परीक्षा किंवा आयटीआयमधील ‘कोपा’ हा संगणकचालकाचा एका वर्षाचा अभ्यासक्रम पायासाठी पुरतो; भिवंडीतील बी.एन.एन. किंवा जी.एम. मोमीन महिला महाविद्यालयातून पदवी घेतल्यास पुढे देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतील रुग्णालय प्रशासनाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी प्रयत्न करता येतो. मराठी, हिंदी, उर्दू आणि तेलुगू यांपैकी दोन-तीन भाषा सहज बोलणारी येथील मुले गोंधळलेल्या नातेवाइकाला योजनेची अट जितकी नेमकी समजावून देतील, तितकी इंग्रजी संभाषणाच्या वर्गातून तयार झालेली मुले क्वचितच देऊ शकतील.

गुळगुळीत पत्रके आणि ‘हमखास नोकरी’ची आश्वासने देणाऱ्या संस्थांबाबत मात्र सावधगिरी हवी. फी भरण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने आणि पालकाने संस्थेला एवढेच विचारावे, की प्रशिक्षणातील किती आठवडे प्रत्यक्ष रुग्णालयात काढायचे आहेत आणि त्या रुग्णालयाचे लेखी संमतिपत्र दाखवता येईल काय; ते दाखवता येत नसेल, तर प्रवेश घेऊ नये.