कुंपणच शेत खाते तेव्हा

कोठे आपटले-धोपटले नसताना मुलाच्या पोटरीवर निळे-जांभळे डाग दिसू लागले, की घरातील वडीलधारी मंडळी 'उष्णता झाली' म्हणतात, शेजारी 'कोणी मारले काय?' असे विचारतात, आणि आई मनातल्या मनात स्वतःलाच दोष देऊ लागते. या सर्व तर्कांपलीकडे आणखी एक कारण असू शकते. त्याची ओळख आमच्या वाचकांना असावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

रक्त गोठविण्याचे काम करणाऱ्या प्लेटलेट निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये साधारणतः दीड ते साडेचार लाख असतात. 'इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया', संक्षेपाने आयटीपी, या विकारात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच प्लेटलेटना शत्रू समजते आणि प्लीहेत त्यांचा संहार होतो. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार! जर्मन वैद्य वेर्लहोफ यांनी १७३५ साली या विकाराचे वर्णन केले. परंतु दोष रक्तद्रवातील एखाद्या घटकात असल्याचे दिसून आले ते १९५० मध्ये. अमेरिकेतील डॉ. विल्यम हॅरिंग्टन यांनी रुग्णाचे रक्त स्वतःच्या शिरेत घेतले आणि काही तासांतच त्यांच्या प्लेटलेट धोकादायक पातळीपर्यंत घसरल्या. सुदैवाने काही दिवसांत त्या पूर्ववत झाल्या.

मग हा विकार कोणाला गाठतो? लहान मुलांत तो बहुधा सर्दी-पडसे, कांजिण्या यांसारख्या विषाणुजन्य दुखण्यानंतर थोड्या आठवड्यांत उद्भवतो. समाधानाची गोष्ट ही, की बहुतेक मुले वर्षभराच्या आत बरी होतात. प्रौढांत मात्र तो चिवटपणे रेंगाळतो. तरुण वयात पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक. उतारवयात हा भेद उरत नाही. ल्यूपससारखे अन्य स्वयंप्रतिकार विकार, एचआयव्ही, यकृतदाह 'क', जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी हे जंतू आणि रक्ताचे काही कर्करोग यांच्या सोबतीनेही तो येतो. क्विनीन, सल्फा यांसारख्या काही औषधांमुळेही प्लेटलेट अशाच रीतीने घटू शकतात. गोवराच्या लसीनंतर क्वचित असे घडते. परंतु प्रत्यक्ष गोवरात हा धोका अधिक असल्याने लस टाळणे शहाणपणाचे नव्हे.

तरीही अनेक रुग्णांत नेमके कारण सापडत नाही. हा विकार संसर्गजन्य नाही, आणि सहसा आनुवंशिकही नाही. तेव्हा अमुक खाल्ले म्हणून झाले, किंवा आईच्या माहेरकडून आले, असे आरोप निराधार होत.

शाळेच्या कामात आम्हांस एक गोष्ट वारंवार जाणवली आहे. मुलगा नाकातून रक्त आले की धावत सांगावयास येतो. मुलगी मात्र पाळीत फार रक्त जाते हे महिनोन् महिने कोणास सांगत नाही. या विकारात तेच पहिले लक्षण असू शकते! ती लाज आपण घरातच दूर केली पाहिजे.

त्वचेवर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके उमटले आणि बोटाने दाबूनही ते फिके झाले नाहीत, हिरड्यांतून वा नाकातून वरचेवर रक्त येऊ लागले, तर विलंब न लावता डॉक्टरांकडून रक्ताची तपासणी करून घ्यावी. डेंग्यूतही प्लेटलेट घटतात. तेव्हा निदान घरी करू नये. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्यांनी रक्तस्राव वाढतो. तीव्र डोकेदुखी, काळे शौच किंवा न थांबणारा रक्तस्राव असेल तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

घरात दोषी कोण, हे शोधण्यात वेळ दवडू नये. तो वेळ रुग्णाच्या हक्काचा आहे.