वर्गाची सरासरी नेमके काय मोजते?

न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंडवर एका सरकारी शाळेत चौथीला शिकवणाऱ्या बाईंना २०१२-१३ साली मुलांच्या प्रगतीबद्दल २० पैकी १४ गुण मिळाले. पुढच्याच वर्षी मिळाला १. शाळा तीच, आणि दोन्ही वर्षीच्या मुलांचे परीक्षेतील गुणही जवळपास सारखे. बाई न्यायालयात गेल्या. मे २०१६ मध्ये न्यायाधीशांनी तो १ गुण मनमानी ठरवून रद्द केला.

असे कसे झाले? नुसत्या सरासरीवरून शिक्षकाला जोखणे अन्यायाचे, कारण सगळी मुले एका रेघेवरून धावायला लागत नाहीत. म्हणून संख्याशास्त्रज्ञ विल्यम सँडर्स यांनी मुलाची वर्षागणिक वाढ मोजायचे सुचवले. टेनेसी राज्याने १९९२ च्या कायद्यात ते स्वीकारले. अशा पद्धतींचे सूत्र साधारण असे: आधीच्या गुणांवरून यंदाच्या गुणांचा अंदाज बांधायचा आणि प्रत्यक्षातला फरक शिक्षकाच्या खाती मांडायचा.

समजा, हा फरक मुलागणिक १० गुणांनी इकडेतिकडे होतो. कोणाला ताप असतो, कोणाला नेमके येणारेच प्रश्न येतात. २५ मुलांची सरासरी घेतली की ही अनिश्चितता २५ च्या वर्गमुळाने भागली जाते. उरतात २ गुण. ती निम्मी करायची तर १०० मुले हवीत, म्हणजे चार वर्षे थांबायला हवे! तुमच्या शाळेतील एका इयत्तेचे सगळे गुण चिठ्ठ्यांवर लिहा, न बघता २५-२५ चे दोन गट काढा आणि सरासऱ्या ताडून पाहा. आमच्या प्रयोगशाळेत त्रुटीची मर्यादा न लिहिलेला आकडा कोणी वहीत उतरवत नाही.

दुसरी अडचण मुले वाढवूनही सुटत नाही. अर्थशास्त्रज्ञ जेसी रॉथस्टीन यांनी नॉर्थ कॅरोलिनातील नोंदींवर एक झकास तपासणी केली (२०१०). पाचवीच्या शिक्षकांचा त्याच मुलांच्या चौथीतील प्रगतीवर किती प्रभाव पडला, असे त्यांनी गणिताला विचारले. उत्तर शून्य यायला हवे होते. ते आले नाही! कारण मुले वर्गांत चिठ्ठ्या टाकून वाटलेली नसतात.

म्हणून हे आकडे निव्वळ गोंगाट आहेत असे नाही. राज चेट्टी व सहकाऱ्यांनी २०१४ साली सुमारे २५ लाख मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ज्या शिक्षकांच्या खाती जास्त वाढ होती त्यांची मुले पुढे महाविद्यालयात अधिक गेलेली दिसली. मोठ्या समूहात संकेत आहे. एका बाईंच्या एका वर्षाच्या आकड्यात तो ओळखू येत नाही. अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेने त्याच वर्षी सांगितले, की बहुतेक अभ्यासांत गुणांमधील तफावतीपैकी शिक्षकांचा वाटा १ ते १४ टक्केच निघतो. २०१५ च्या कायद्याने गुण आणि मूल्यमापन जोडण्याचा केंद्राचा आग्रह संपला. टेनेसीत मात्र ही पद्धत त्यानंतरही चालू राहिली.