उभे रेणू, तिरपी नजर

गेल्या पाडव्याला आमच्या घरी नवा टीव्ही आला. "काळा रंग बघा साहेब, काजळासारखा!" दुकानदार म्हणाला होता, आणि ते खोटे नव्हते. तक्रार केली ती एकट्या आईने. गुडघ्यांमुळे तिचा मुक्काम कोपऱ्यातल्या खाटेवर. "अरे, हिच्या शालूचा रंग विटलाय, की माझेच डोळे गेले?" मी घाबरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. डोळे ठणठणीत! मग एका रात्री तिच्या उशाशी बसून पाहिले, तर चित्र खरोखरच फिकट.

मी पडलो मराठीचा माणूस. कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांना गाठले. त्यांनी एक आगकाडी चिमटीत उभी धरली आणि धडा सुरू केला.

पडद्याच्या दोन काचांमध्ये द्रव स्फटिकांचा अतिशय पातळ थर असतो. १८८८ साली फ्रीड्रिश रायनिट्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला आढळलेला हा प्रकार. धड पाणी नव्हे, धड खडा नव्हे. आमच्या टीव्हीच्या जातीत वीज नसताना त्याचे लांबट रेणू काचेवर ताठ उभे राहतात. मागून येणारा प्रकाश तेव्हा काचांवरच्या गाळणीपट्ट्यांत अडतो. तोच तो काजळी काळा. वीज मिळाली की रेणू आडवे होऊ लागतात आणि प्रकाशाला वाट मिळते.

पण पडायचे कुठल्या अंगाला? ताठ उभी काडी कुठेही पडेल आणि पडद्यावर डाग दिसतील. म्हणून रेणूंना आधीच किंचित कल द्यावा लागतो. जुनी रीत म्हणजे काचेवरचा लेप मखमली कापडाच्या रुळाने घासायचा. त्यात धूळ आली, स्थिर वीज आली. शिवाय सारे एकाच बाजूला कलले, तर एका कडेने चित्र उजळ आणि दुसरीकडून काळवंडलेले! १९९० नंतरच्या दशकात जपानच्या फुजित्सूने काचेवर बारीक उंचवटे उभारले. एकेका चित्रबिंदूतले रेणू चार दिशांना कलू लागले, घासणे सुटले. मात्र उंचवट्यांच्या उतारावरचे रेणू वीज नसतानाही तिरपेच. तिथून प्रकाश झिरपे आणि काळ्याचा राखाडी होई. २००९ साली शार्पने ते उंचवटेच काढून टाकले आणि अतिनील किरणांनी लेपालाच दिशा दिली. उजेड-अंधारातले प्रमाण ५०००:१, म्हणजे आधीच्या १.६ पट झाले, असे कंपनीने जाहीर केले.

"अहो, मग आमच्या आईने काय पाप केले?" मी विचारले.

"चार दिशा केल्या तरी अर्धवट कललेले रेणू बाजूने वेगळेच दिसतात. चित्रबिंदूचे दोन भाग करून त्यांना कमीजास्त वीज दिली, की फिकटपणा बराच कमी होतो. पण तेवढा खटाटोप प्रत्येक टीव्हीत नसतो."

घरी येऊन सौ.ला हे सारे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "कपाट सरकवायला हात लावता का?"

टीव्ही आता खाटेसमोर आहे. सोफ्यावरून आम्हांला शालू विटका दिसतो. आई तिथूनच सांगते, "जांभळा आहे रे, चांगला गडद जांभळा!"