हिल्टन नावाची वाडी

जगभरच्या हॉटेलांवर झळकणारं ‘हिल्टन’ हे नाव मुळात ऑस्लोजवळच्या उलेनसाकेर भागातल्या एका शेतवाडीचं. हॉटेलसम्राट कॉनराड हिल्टन यांचे वडील तिथून अमेरिकेला गेले आणि वाडीचं नाव कुटुंबाला चिकटलं. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष वॉल्टर माँडेल यांच्या आडनावातही पश्चिम नॉर्वेतलं मुंडाल हे गाव दडलेलं आहे.

जुलै १८२५ मध्ये नॉर्वेतल्या स्टाव्हांगर बंदरातून ५२ माणसं घेऊन एक छोटं गलबत न्यूयॉर्ककडे निघालं. त्यानंतरच्या शंभर वर्षांत ८ लाखांहून अधिक नॉर्वेजियन उत्तर अमेरिकेला गेले. त्यांचे वंशज आज मूळ गाव शोधू लागतात, तेव्हा पहिली अडचण नावाचीच येते.

हान्सचा मुलगा ओले हान्सेन. ओलेचा मुलगा हान्स ओल्सेन, तर मुलगी कारी ओल्सदाटर. त्यापुढे वाडीचं नाव लागे. मधे वडिलांचं नाव आणि शेवटी गावावरून आलेलं ‘कर’ आडनाव मराठी माणसाच्या ओळखीचं आहे; पण नॉर्वेत कुटुंबानं वाडी बदलली की नावही बदलायचं. कायमचं आडनाव सक्तीचं झालं ते १९२३ च्या कायद्यानं.

म्हणून नुसतं ‘ओले हान्सेन, नॉर्वे’ एवढ्यावर शोध पुढे सरकत नाही. ‘हाउगेन’ म्हणजे टेकाड, ‘बाकेन’ म्हणजे उतार. अशा नावांच्या वाड्या देशभर विखुरलेल्या. पाळण्यातलं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख आणि चर्चचा परगणा या चार गोष्टी हाती असल्या, तरच माणूस नेमका सापडतो.

त्या बहुधा घरातच असतात. कौटुंबिक बायबलची पहिली पानं, जुनी पत्रं, थडग्यावरचा मजकूर, मृत्यूनंतर वर्तमानपत्रात आलेली माहिती हे सगळं उतरवून घ्यावं. जुन्या फोटोच्या पुठ्ठ्यावर छायाचित्रकाराच्या गावाचं नाव छापलेलं असतं, तेही टिपावं. अमेरिकेतल्या लुथरन चर्चच्या वह्यांत कित्येकदा नॉर्वेतलं जन्मस्थळ लिहिलेलं मिळतं. आजीच्या तोंडचा गावाचा उच्चार जसा ऐकला तसाच लिहावा. अमेरिकेत गुरीची ज्युलिया झाली, तशी गावांची स्पेलिंगंही बदलली. जुन्या कागदावरचं ‘क्रिस्तियानिया’ म्हणजे आजचं ऑस्लो.

भावंडांना वगळू नये. थोरल्या मुलाला बहुधा वडिलांच्या वडिलांचं नाव ठेवत, त्यामुळे मुलांच्या नावांतून आधीची पिढी डोकावते. शिवाय ओले हान्सेन शेकडो असले, तरी तीच पाच भावंडं, त्याच जन्मवर्षांची, दुसऱ्या घरात सापडणं कठीण.

एवढी तयारी झाली की नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘डिजिटालआर्किवेट’ उघडावं. चर्चच्या वह्या, १८०१, १८६५, १९०० आणि १९१० च्या जनगणना, बंदरांवर पोलिसांनी ठेवलेल्या स्थलांतरितांच्या याद्या तिथं विनामूल्य पाहता येतात. परगणा कळला की त्या भागाचा ‘बिग्देबोक’ शोधावा. या स्थानिक इतिहासग्रंथात वाडीवार, पिढीवार कुटुंबांची माहिती असते. एखाद्या मुलाच्या नावापुढे नुसतं ‘अमेरिकेला गेला’ असं लिहिलेलं असतं. त्यापुढचं त्याचं आयुष्य आयोवा किंवा मिनेसोटातल्या नातवंडांच्या कपाटात असतं.