कोल्हापुरीची सहा वर्षं

कोल्हापुरी चपलेला एक मालक नाही. तिचं बोधचिन्ह कुणी बनवून घेतलं नाही, जाहिरातीसाठी कुणी वेगळा पैसा काढून ठेवला नाही. तरीही अंगठा, कान आणि मधली वेणी दिसली की भारतातला कुणीही तिचं नाव सांगतो. 2019 साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं आणि डिसेंबर 2025 मध्ये प्राडासारख्या इटालियन कंपनीने तिच्यासाठी करार केला. या सहा वर्षांत कोल्हापुरी गल्लीतून थेट जगाच्या पडद्यावर गेली. ती कशी गेली आणि तिच्या मागोमाग कोण जाऊ शकलं नाही, हे नीट पाहायला हवं.

मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांना मिळून मिळालं. इकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांत बनलेल्या चपलेलाच कोल्हापुरी म्हणता येईल, असं ठरलं. त्याची नोंद महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर या दोन चर्मोद्योग महामंडळांच्या नावे आहे. सीमेवरून भांडणाऱ्या दोन राज्यांनी या नावावर एकत्र हक्क सांगितला, याचं मला आजही मोल वाटतं. कर्नाटकातल्या अथणी-निपाणीच्या कारागिरांना वगळून कोल्हापुरीचा इतिहास सांगताच येत नाही.

पण मानांकनाच्या कागदाने बाजार लगेच बदलला नाही. ऑनलाइन दुकानांत ‘कोल्हापुरी’ शोधलं की रेक्झिनच्या, चिकटवलेल्या, यंत्रावर निघालेल्या चपला आधी समोर येत. खऱ्या जोडाला हिरडा आणि बाभळीची साल वापरून कमावलेलं कातडं लागतं. त्याची शिलाई चामड्याच्या वादीने होते आणि त्यात खिळा नसतो. हे सगळं छोट्या फोटोत दिसत नाही. तिथे दिसते ती किंमत. शंभर-दोनशे रुपयांच्या नकलेशेजारी हातची चप्पल महाग ठरायची. त्याआधी 2015 च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर कातड्याची आवक आटली होती. म्हणजे कारागिराला कच्चा माल महाग पडत होता आणि गिऱ्हाईक स्वस्तावर नजर लावून होतं.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली. कोल्हापुरातलं अंबाबाईचं देऊळ बंद झालं, तशी दर्शनाला आलेल्या माणसांवर चालणारी चप्पल लाईन ही बाजारपेठही थंडावली. तोवर दुकानात बसून गिऱ्हाइकाची वाट पाहणाऱ्यांपैकी अनेकांना व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्रामकडे वळावं लागलं. पुण्याच्या ‘चॅपर्स’सारख्या काही तरुण उद्योगांनी त्याआधीच नवे रंग आणि मऊ तळ देऊन कोल्हापुरी शहरी पायांपर्यंत नेली होती. या सगळ्यांना एक गोष्ट हळूहळू उमगली. विकायला ठेवलेल्या चपलेच्या फोटोपेक्षा ती बनतानाचं चित्रण लोक थांबून पाहतात. रापीने कातडं कापणारा हात, वेणी विणणाऱ्या बायका, नव्या जोडाची करकर. नकली माल विकणाऱ्याकडे यातलं दाखवायला काहीच नसतं. माझ्या मते ऑनलाइन बाजारात वेगळं दिसण्याचा कोल्हापुरीचा खरा मार्ग तिथेच सापडला. पहिले काही दिवस जोड कडक लागतो, त्याला तेल लावा, पाण्यात भिजवू नका, असं विक्रेत्याने आधीच स्पष्ट लिहिलं, तर गिऱ्हाइकाचा विश्वासही बसतो.

मग जून 2025 उजाडला. मिलानमध्ये प्राडाच्या पुरुषांच्या उन्हाळी संग्रहात अंगठ्याची चामडी चप्पल घालून मॉडेल चालले. कंपनीने तिला साधी चामडी सँडल म्हटलं. भारताचा उल्लेख कुठेच नव्हता. इथे आंतरजालावरच्या सामान्य माणसांनी मोठं काम केलं. दोन चित्रं शेजारीशेजारी ठेवली आणि विचारलं, ही तर आमची कोल्हापुरी, मग नाव का नाही? काही दिवसांतच प्राडाने महाराष्ट्र चेंबर या व्यापारी संघटनेला लिहिलेल्या पत्रात भारतीय पारंपरिक पादत्राणांपासून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. जुलैत कंपनीची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली.

त्याच जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणातली जनहित याचिका फेटाळली. मानांकनाचे नोंदणीकृत मालक स्वतः न्यायालयात येऊ शकतात, इतरांनी त्यासाठी याचिका कशाला करावी, असा न्यायालयाचा मुद्दा होता. त्यातून कायद्याची मर्यादाही लक्षात आली. मानांकन नावाला संरक्षण देतं आणि प्राडाने ते नाव वापरलंच नव्हतं. चपलेचा घाट ओळखून त्याला नाव देण्याचं काम लोकांनी केलं. पण वाटाघाटीला कुणाला बसवायचं, हा प्रश्न आला तेव्हा 2019 च्या नोंदीचाच आधार मिळाला. डिसेंबरमधला करार लिडकॉम आणि लिडकर यांच्याशी झाला. त्यानुसार महाराष्ट्र-कर्नाटकात सुमारे 2,000 जोड बनवून ते सुमारे 800 युरोला जगभर विकायचे, असं जाहीर झालं.

मला या मागोव्यातून एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. चपलेचं नाव झालं, आता बनवणाऱ्याचं व्हायला हवं. लिडकॉमने प्रत्येक जोडाला क्यूआर कोड देण्याचं पाऊल उचललं, त्यातून कारागिराची आणि जिल्ह्याची माहिती मिळते. ही दिशा बरोबर आहे. ती माहिती विक्रीच्या प्रत्येक ऑनलाइन पानावर पोचली पाहिजे, म्हणजे घेणाऱ्याला कापशी चप्पल कुणी बनवली आणि पायताण कुठल्या गावचं, हे पैसे देण्याआधीच कळेल. पिढ्यान् पिढ्या ज्या समाजाने जातीची अवहेलना सोसत हे कौशल्य सांभाळलं, त्याचा चेहरा झाकून त्याची कला मिरवणं हा अन्याय आहे, मग तो मिलानमध्ये होवो वा मुंबईत. पुढच्या सहा वर्षांचा हिशेब मांडताना लाइक आणि मथळे मोजत बसू नये. कोल्हापूरच्या सुभाषनगरातल्या आणि अथणीतल्या किती मुलामुलींनी हा धंदा आपणहून, अभिमानाने आणि पोटभर मोबदल्यावर निवडला, ते मोजावं.