उलटे उडणारे हेलिकॉप्टर : कसरतींसाठी प्रतिकृतीची जुळणी

भारतीय हवाई दलाच्या ‘सारंग’ पथकातील ध्रुव हेलिकॉप्टर्सच्या कसरती देशभरातील प्रेक्षकांना परिचित आहेत. तथापि, पाठीवर उलटे होऊन हवेत एकाच जागी स्थिर राहणे माणसे वाहून नेणाऱ्या हेलिकॉप्टरला शक्य नसते. रेडिओ नियंत्रित प्रतिकृती मात्र ही किमया करू शकते. ती उलट्या स्थितीत जमिनीपासून काही फुटांवर तरंगते, शेपटीच्या दिशेने वेगाने मागे जाते आणि क्षणार्धात कोलांटी घेऊन पुन्हा सरळ होते.

ही क्षमता केवळ महागडा संच विकत घेतल्याने प्राप्त होत नाही. यंत्र कसे जोडले, त्यातील प्रत्येक दुव्याची लांबी किती ठेवली आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांना कोणत्या सूचना दिल्या, यावर ती अवलंबून असते. जुळणीतील चूक केवळ आर्थिक नुकसान करून थांबत नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका उद्यानात अशी प्रतिकृती उडवत असताना तिच्या पात्याचा आघात होऊन १९ वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला होता. या यंत्रांना खेळणे का म्हणता येत नाही, हे त्या घटनेने जगासमोर आणले.

आकडे पाहिल्यास धोक्याची कल्पना येते. सुमारे ७०० मिलिमीटर लांबीची पाती असलेल्या मोठ्या प्रतिकृतीच्या पंख्याचा व्यास जवळपास १.६ मीटर असतो. हा पंखा मिनिटाला २,००० फेरे घेऊ लागला की पात्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे ६०० किलोमीटर होतो. त्या वेळी १८० ग्रॅम वजनाचे एक पाते आपल्या बोल्टला ३०० किलोग्रॅमहून अधिक भाराइतक्या जोराने बाहेर ओढत असते.

उलट्या उड्डाणामागील तत्त्व

रेडिओ नियंत्रित हेलिकॉप्टर व्यवहारात उतरवण्याचे श्रेय जर्मनीचे डीटर श्ल्यूटर यांना दिले जाते. १९७० च्या सुमारास त्यांनी तयार केलेल्या प्रतिकृतींनी या छंदाचा पाया घातला. पुढील काळात अमेरिकेचे कर्टिस यंगब्लड यांच्यासारख्या विश्वविजेत्या वैमानिकांनी कोणत्याही स्थितीत व कोणत्याही दिशेने उडण्याची ‘थ्रीडी’ शैली लोकप्रिय केली. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या वर्गवारीत हेलिकॉप्टर प्रतिकृतींच्या नियमबद्ध कसरतींसाठी ‘एफ३सी’ आणि मुक्त शैलीसाठी ‘एफ३एन’ असे स्वतंत्र गट आहेत.

हेलिकॉप्टर वर उचलले जाते ते पात्यांच्या कोनामुळे. या कोनाला पिच म्हणतात. पाती धन कोनात असतील तर हवा खाली ढकलली जाते आणि यंत्र वर जाते. कोन शून्य असल्यास पंखा फिरत राहतो, परंतु उचल निर्माण होत नाही. कोन ऋण झाला की हवा पंख्याच्या विरुद्ध बाजूला ढकलली जाते. यंत्र उलटे असेल, तर हीच ऋण पिच त्याला हवेत तोलून धरते. मोठ्या हेलिकॉप्टरमध्ये ऋण कोनाची मर्यादा अत्यल्प असते. कसरतीच्या प्रतिकृतीत मात्र धन आणि ऋण अशा दोन्ही बाजूंना साधारणतः ११ ते १२ अंशांपर्यंत समान मर्यादा ठेवली जाते.

शून्यापासून आरंभ

जुळणीचा आरंभ सर्व्हो आणि स्वॉशप्लेट यांच्यापासून होतो. सर्व्हो म्हणजे रेडिओ संदेशानुसार आपली भुजा ठरावीक अंशांत फिरवणारी छोटी मोटर होय. अशा तीन सर्व्हो स्वॉशप्लेट या चकतीला जोडलेल्या असतात. तिन्ही भुजा एकाच वेळी वर वा खाली गेल्या की सर्व पात्यांचा कोन सारखाच बदलतो. त्या वेगवेगळ्या प्रमाणात हलल्या की चकती कलते आणि हेलिकॉप्टर पुढे, मागे अथवा बाजूला झुकते.

काम सुरू करण्यापूर्वी मोटरच्या तारा सोडवून ठेवणे अनिवार्य आहे. जुळणी सुरू असताना पंखा अनपेक्षितपणे फिरू लागल्यास गंभीर दुखापत होऊ शकते. त्यानंतर ट्रान्समीटरवरील पिचची कांडी बरोबर मध्यावर ठेवली जाते. या स्थितीत तिन्ही सर्व्होंच्या भुजा दुव्यांशी काटकोनात आणि स्वॉशप्लेट मुख्य दंडाशी काटकोनात असली पाहिजे. भुजेच्या दात्यांमुळे अचूक काटकोन साधत नसेल, तरच उरलेला सूक्ष्म फरक इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दुरुस्त करावा. मुळातील यांत्रिक चूक संगणकीय दुरुस्तीने झाकल्यास ती कांडीच्या दोन्ही टोकांना पुन्हा डोके वर काढते.

यानंतर कोनमापकाच्या साह्याने दोन्ही पात्यांची पिच शून्य अंशावर आणली जाते. त्यासाठी दुव्यांची लांबी कमी-अधिक करावी लागते. शून्य साधल्यानंतर कांडी दोन्ही टोकांना नेऊन कमाल कोन मोजला जातो. एका टोकाला अधिक १२ आणि दुसऱ्या टोकाला उणे १० असा फरक पडत असेल, तर सरळ आणि उलट्या उड्डाणात यंत्राचा प्रतिसाद भिन्न राहील. जमिनीजवळ कोलांटी घेणाऱ्या वैमानिकासाठी हा फरक घातक ठरू शकतो.

अखेरीस कांड्या सर्व कोपऱ्यांत नेऊन कोणताही दुवा अडकत नाही, याची खात्री केली जाते. कमाल पिच आणि कमाल कल एकाच वेळी दिला असता सर्व्हो गुणगुणू लागली किंवा दुवा वाकताना दिसला, तर हालचालीची मर्यादा कमी करणे आवश्यक असते.

पंख्याच्या फेऱ्यांचे गणित

कसरतीच्या वेळी पंख्याचा वेग कायम राहणे महत्त्वाचे असते. पिच वाढली की हवेचा विरोध वाढतो व वेग मंदावू लागतो. ऋण पिच वाढली तरीही नेमके हेच घडते. म्हणूनच कसरतीसाठी मोटरच्या शक्तीचा आलेख इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा ठेवला जात असे : मध्यभागी कमी आणि दोन्ही टोकांना कमाल. विद्युत प्रतिकृतींमध्ये आता बहुधा गव्हर्नर हे काम करतो. भार कितीही बदलला तरी फेरे स्थिर ठेवण्यासाठी तो मोटरला आपोआप कमी-अधिक शक्ती पुरवतो.

या वेगाचे गणित सोपे आहे. १२ घटांच्या लिथियम पॉलिमर बॅटरीचा सर्वसाधारण दाब ४४.४ व्होल्ट असतो. मोटर दर व्होल्टमागे ५०० फेरे घेणारी असल्यास ती मिनिटाला २२,२०० फेरे घेईल. दंतचक्रांचे प्रमाण दहास एक असेल, तर मुख्य पंख्याचा सैद्धांतिक वेग २,२२० फेरे होतो. प्रत्यक्षात गव्हर्नर २,००० फेऱ्यांवर ठेवावा. उरलेली सुमारे १० टक्के शक्ती अचानक येणाऱ्या भारासाठी राखीव राहते. अशी राखीव शक्ती न ठेवल्यास ऐन कसरतीत पंख्याचा वेग घसरतो आणि शेपटीवरील नियंत्रणही सैल होते.

शेपटी आणि जायरो

मुख्य पंखा एका दिशेने फिरत असताना हेलिकॉप्टरचा सांगाडा विरुद्ध दिशेने वळू पाहतो. शेपटीचा लहान पंखा ही ओढ रोखतो. कसरतीत मुख्य पंख्यावरील भार क्षणोक्षणी बदलत असल्याने ही दुरुस्ती माणसाच्या हाताने करणे जवळजवळ अशक्य असते. ती जायरो हे उपकरण करते. वळण्याचा वेग मोजून ते शेपटीच्या सर्व्होला आज्ञा देते आणि वैमानिकाने ठरवलेली दिशा कायम राखते.

जायरोची संवेदनशीलता ठरवणे हे संयमाचे काम आहे. ती कमी असल्यास शेपटी वळल्यानंतर नेमक्या जागी थांबत नाही. ती अधिक झाल्यास शेपटी वेगाने थरथरू लागते. मध्यम संवेदनशीलतेपासून सुरुवात करून ती टप्प्याटप्प्याने वाढवावी आणि थरथर जाणवताच किंचित कमी करावी, ही प्रचलित पद्धत आहे.

पूर्वीच्या प्रतिकृतींमध्ये मुख्य पंख्यासोबत स्थैर्यदंड असे. २०१० नंतरच्या काळात त्याची जागा तीन अक्षांवर काम करणाऱ्या जायरोने मोठ्या प्रमाणावर घेतली. त्यामुळे यंत्र हलके व चपळ झाले. मात्र एक नवी तपासणी अपरिहार्य ठरली. हेलिकॉप्टर हातात धरून नाक खाली केल्यास स्वॉशप्लेट मागील बाजूस कलली पाहिजे; उजवीकडे झुकवल्यास ती डावीकडे कलली पाहिजे. ही दिशा उलटी नोंदवली गेली असेल, तर उपकरण चूक सुधारण्याऐवजी वाढवत नेते आणि जमिनीवरून उचलताक्षणी यंत्र उलटून पाती जमिनीवर आदळतात.

समतोल आणि कंपन

दोन्ही पात्यांचे केवळ वजन समान असून भागत नाही; त्यांचे गुरुत्वमध्यही समान अंतरावर असावे लागतात. अन्यथा निर्माण होणारे कंपन जायरोची दिशाभूल करते व स्क्रू सैल करते. धातूत बसणाऱ्या प्रत्येक स्क्रूला ते घट्ट धरून ठेवणारा द्रव लावणे म्हणूनच आवश्यक मानले जाते.

पात्यांचे बोल्ट किती आवळावेत, यासाठी एक साधी चाचणी आहे. हेलिकॉप्टर कुशीवर धरले असता पाती स्वतःच्या वजनाने खाली पडू नयेत, परंतु हलका हिसका दिल्यास ती हलावीत. बॅटरी पुढे-मागे सरकवून यंत्राचा गुरुत्वमध्य मुख्य दंडाच्या रेषेत आणणेही तितकेच महत्त्वाचे आहे. नाक जड राहिल्यास पुढील बाजूची कोलांटी जलद व मागील बाजूची मंद होते.

पहिल्या उड्डाणापूर्वी

ट्रान्समीटरवरील ‘थ्रॉटल होल्ड’ हा खटका मोटर तत्काळ बंद करतो. तो नेहमी बोटाच्या टप्प्यात असावा आणि बॅटरी जोडण्यापूर्वीच सुरू केलेला असावा. रेडिओ संपर्क तुटल्यास मोटर आपोआप बंद होईल, अशी व्यवस्थाही आधीच तपासून घ्यावी लागते.

पहिले उड्डाण हे कसरतीसाठी नसतेच. काही मिनिटे यंत्र सुरक्षित अंतरावर तरंगत ठेवून दोन्ही पाती एकाच पातळीत फिरतात का, हे पाहिले जाते. एका पात्याच्या टोकाला रंगीत पट्टी लावल्यास कोणते पाते वर चालले आहे, ते ओळखता येते व त्यानुसार दुव्याची लांबी बदलता येते. उतरल्यानंतर मोटर, बॅटरी आणि सर्व्हो यांचे तापमान व प्रत्येक जोड पुन्हा तपासला जातो.

उलट्या स्थितीत यंत्र वर न्यायचे असेल, तर पिचची कांडी खाली ओढावी लागते. हा बदल बुद्धीला समजला तरी बोटांच्या अंगवळणी पडण्यास वेळ लागतो. संगणकावरील सराव त्यासाठी उपयुक्त ठरतो, कारण तेथील अपघाताची किंमत शून्य असते. मैदानावरही प्रत्येक नवी कसरत प्रथम भरपूर उंचीवर केली जाते. चूक लक्षात येणे, ती सुधारणे आणि सुधारतानाही चूक झाल्यास पुन्हा सावरणे, एवढा अवकाश त्या उंचीमुळे मिळतो.

नियमांची चौकट

भारतात २०२१ च्या ड्रोन नियमांमध्ये छंदासाठीच्या अशा प्रतिकृतींची स्वतंत्र व्याख्या आहे. वजन २५ किलोग्रॅमपेक्षा अधिक नसणे आणि उड्डाण वैमानिकाच्या दृष्टिपथात होणे, या त्यातील महत्त्वाच्या अटी आहेत. या नियमांनुसार हवाई क्षेत्राची लाल, पिवळी आणि हिरवी अशी विभागणी केलेली असल्याने मैदान निवडण्यापूर्वी ते कोणत्या विभागात मोडते, हे पाहणे आवश्यक ठरते.

नियमांचे पालन केल्यानंतरही अखेरची जबाबदारी वैमानिकावरच राहते. प्रेक्षक पाठीमागे ठेवणे, यंत्र स्वतःच्या किंवा इतरांच्या डोक्यावरून न नेणे आणि अपघात अटळ दिसताच यंत्र वाचवण्याच्या मोहात न पडता मोटर बंद करणे, या सवयी जुळणीइतक्याच महत्त्वाच्या आहेत. मोडलेली पाती बदलता येतात. म्हणूनच अनुभवी वैमानिक कसरतीच्या आधी थ्रॉटल होल्डचा सराव करण्याचा आग्रह धरतात.