सापुतारा गिरिस्थान आणि सुरगाणा : एक भौगोलिक विवेचन

प्रस्तावना :
पर्यटनस्थळाच्या विकासाबरोबर त्याच्या परिसरातील लहान गावांचाही विकास होतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तथापि हा लाभ केवळ अंतरावर अवलंबून नसून रस्ता, बाजारपेठ व प्रशासकीय सीमा यांवरही अवलंबून असतो. नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा हे याचे उत्तम उदाहरण होय.

पार्श्वभूमी :
सह्याद्रीच्या डोंगररांगांत वसलेले सुरगाणा हे पूर्वी एका लहान संस्थानाचे मुख्य ठिकाण होते. १९४८ मध्ये हे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १ मे १९६० रोजी द्वैभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाल्यावर सुरगाणा महाराष्ट्रात राहिले, तर लगतचा डांग गुजरातमध्ये गेला. डांगमधील सुमारे १,००० मीटर उंचीचे सापुतारा पुढे गुजरातचे गिरिस्थान म्हणून विकसित झाले. सीमेच्या दोन्ही बाजूंस कोकणा, वारली, भिल्ल या आदिवासी समाजांची वस्ती असून त्यांचे नातेसंबंध, बोली व बाजार आजही परस्परांत गुंतलेले आहेत.

रस्ता आणि बाजार :
नाशिकहून सापुताऱ्यास जाणारा मार्ग वणी, बोरगाव व हातगड या गावांवरून जातो. सुरगाणा गाव मात्र या मार्गापासून आत आहे. म्हणजेच पर्यटकांचा रस्ता तालुक्यातून जातो. तालुक्याच्या गावातून जात नाही. काश्मीरमधील टंगमर्गशी तुलना केल्यास हा फरक स्पष्ट होतो. गुलमर्ग या स्की केंद्राकडे जाणारा प्रवासी टंगमर्गवरूनच जातो. हिमवृष्टीच्या काळात तेथे वाहन बदलावे लागते व त्यातून स्थानिकांना रोजगार मिळतो. सुरगाण्यास असा थांबा लाभलेला नाही.

याउलट बोरगाव-हातगड पट्ट्यात स्ट्रॉबेरीच्या लागवडीने बाजाराचे स्वरूप बदलले आहे. नागली, वरई व भात ही येथील पारंपरिक पिके प्रामुख्याने घरच्या उपयोगाची होत. स्ट्रॉबेरी मात्र विक्रीचे पीक आहे. हे फळ नाजूक व अल्पकाळ टिकणारे असल्याने दूरच्या बाजारात त्याची नासाडी होते. रस्त्याकडेला थेट पर्यटकास विकल्यास वाहतूक व अडत यांचा खर्च वाचतो. त्यामुळे हिवाळ्यात या मार्गावर विक्रेत्यांच्या रांगा दिसतात. आतील पाड्यांना मात्र हा लाभ सहज मिळत नाही.

पाणी व सुविधा :
नार व पार या नद्यांचा उगम याच तालुक्यात होतो. पावसाळ्यात भरपूर पाऊस पडूनही तीव्र उतारामुळे पाणी पश्चिमेकडे वाहून जाते व उन्हाळ्यात अनेक पाड्यांवर टंचाई जाणवते. पलीकडे सापुताऱ्यात मात्र सरोवर, नौकाविहार व रोपवे आहेत. ही विषमता सीमावर्ती रहिवाशांच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. २०२२ च्या अखेरीस तालुक्यातील काही गावांनी सुविधांच्या अभावाकडे लक्ष वेधून गुजरातमध्ये समाविष्ट करण्याची मागणी केली. ही मागणी भाषिक अस्मितेतून नव्हे, तर रस्ते, पाणी व आरोग्यसेवा यांच्या गरजेतून आली होती, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

समारोप :
गिरिस्थानाचे सान्निध्य ही केवळ संधी असते. आतील पाड्यांना मुख्य मार्गाशी जोडणारे बारमाही रस्ते, पाणी अडविण्याची लहान कामे व फळ साठवणुकीची सोय झाल्यासच तिचे लाभात रूपांतर होईल. अन्यथा पर्यटकांची वाहने तालुका ओलांडून जातील आणि सुरगाणा मात्र तसेच आडमार्गाला राहील.